आल्प्समध्ये डोंगरही बघायचेत आणि भाषाही शिकायची आहे, कुठल्या खोऱ्यात जावं?

डोंगरवाट | १२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं पुण्यात जर्मन शिकतेय. मार्चमध्ये बी१ची परीक्षा पास झाले. सप्टेंबरच्या शेवटी बारा दिवस आल्प्समध्ये जायचं ठरलंय. सोबत बाबा आहेत. वय ६३, पण चाळीस वर्षं सह्याद्री पालथा घातलेला माणूस आहे, त्यामुळे चालण्याची काळजी नाही. त्यांना जर्मन येत नाही आणि इंग्रजी बोलायला ते संकोचतात.

माझी अडचण वेगळीच आहे. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीबरोबर आल्प्समधल्या एका फार गाजलेल्या गावी चार दिवस राहिले होते. डोंगर अप्रतिम, पण मी जर्मनमध्ये तोंड उघडलं की समोरचा इंग्रजीत उत्तर द्यायचा. बेकरीत, स्टेशनवर, हॉटेलात, सगळीकडे तेच. चार दिवसांत चार वाक्यं धड बोलता आली नाहीत. परत येताना डोंगर पाहिल्याचा आनंद होता, पण मन खट्टू झालं होतं.

म्हणून विचारतेय: जिथे डोंगर आहेत, गर्दी बेताची आहे आणि लोक आपल्याशी त्यांच्या भाषेत बोलतात, असं खोरं कुठलं? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा.

---

घाटवाट्या | १२ जून, रात्री १०:१५

भाषेतलं मला कळत नाही, वाटांचं सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये नसतं, वेळ लिहिलेली असते. पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, तिथे बूट चांगले हवेत आणि तोल सांभाळता यायला हवा. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर तिकडे जाऊ नका, तिथे दोर आणि हिमनदीचं काम असतं. बाबा सह्याद्रीतले आहेत म्हणजे लाल पट्ट्यापर्यंत आरामात जातील.

अडचणीतला इशारा लक्षात ठेवा: मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबायचं, मग पुन्हा सहा वेळा. हेलिकॉप्टर बचावाचा नंबर १४१४. सप्टेंबरअखेर वर बर्फ पडू शकतो, एक दिवस राखीव ठेवा.

---

झ्युरिककर | १३ जून, दुपारी १:०५

डोंगरवाट, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी नऊ वर्षं झ्युरिकमध्ये आहे आणि सुट्टी मिळाली की एकाच दिशेला जातो: पूर्वेला, ग्राउब्युंडन कँटनमध्ये (कँटन म्हणजे तिथलं राज्य). देशातलं सगळ्यात मोठं कँटन, दीडशे खोरी आणि लोकसंख्या जेमतेम दोन लाख. तीन अधिकृत भाषा असलेलं हे एकमेव कँटन: जर्मन, इटालियन आणि रोमान्श.

त्यातही खालच्या एंगादिनमध्ये जा. इन नदीचं खोरं. झ्युरिकहून लांडक्वार्टला गाडी बदलायची, तिथून रेटियन रेल्वेची लाल मीटरगेज गाडी. १९ किलोमीटरचा व्हेराइना बोगदा संपला की बाहेर दुसराच देश असल्यासारखं वाटतं. घरांच्या भिंती हातभर जाड, खिडक्या आत निमुळत्या होत गेलेल्या आणि भिंतींवर कोरलेली नक्षी. तिला स्ग्राफितो म्हणतात. गडद गिलाव्यावर चुन्याचा पांढरा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडायचा, म्हणजे खालचा रंग नक्षी होऊन वर येतो. काही घरांवर अशा अख्ख्या ओळी लिहिलेल्या आहेत, रोमान्शमध्ये.

ग्वार्दा गावात राहा. स्टेशन खाली दरीत आहे, वर जायला पिवळी पोस्टबस. गावाची उंची १६५३ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा सात मीटर जास्त. तिथून बोश्च्या, आर्देत्स, फ्तान करत श्कुओलपर्यंत उतारावर झुकणारी एका दिवसाची चाल आहे. बाबांना आवडेल. दर गावात वाहत्या पाण्याचा हौद असतो, बहुतेक ठिकाणी पाणी थेट पिता येतं. त्याला तिथे ब्युल्य म्हणतात.

भाषेबद्दल: इथे शाळा रोमान्शमध्ये सुरू होते, जर्मन पुढच्या इयत्तांमध्ये येते. पण मोठ्या सगळ्यांना जर्मन उत्तम येतं. माझा अनुभव असा की झ्युरिकच्या बोलीपेक्षा त्यांचं जर्मन मला जास्त स्पष्ट ऐकू येतं. आणि हो, इथे सायकलला फेलो म्हणतात आणि तिकिटाला बिलेट. पुस्तकातले शब्द ऐकू आले नाहीत तर घाबरू नका.

जाण्याआधी एक शब्द पाठ करा: आलेग्रा. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचं. देव तुम्हाला आनंदात ठेवो अशा अर्थाच्या आशीर्वादाचं ते आखडलेलं रूप आहे, आपल्या रामरामसारखं.

---

रोखठोक | १३ जून, दुपारी ३:३०

झ्युरिककर, वर्णन सुंदर आहे, पण सल्ला मला पटला नाही. धागाकर्तीला जर्मन पक्की करायची आहे. मग जर्मन ज्यांची मातृभाषाच नाही अशांच्या गावात कशाला पाठवताय? रोमान्श रोज वापरणारे सगळे मिळून साठ हजारांच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात याहून जास्त माणसं असतात. त्या प्रत्येकाला जर्मन येतं. बारा दिवस आणि एवढा खर्च, तर ऑस्ट्रियात तिरोलला जावं, तिथे सकाळ-संध्याकाळ जर्मनच कानावर पडेल. दोन भाषांच्या मागे लागलं की एकही धड हाती येत नाही, हे मी स्वतः फ्रेंच आणि स्पॅनिश एकदम सुरू करून अनुभवलंय.

---

अनवट | १३ जून, संध्याकाळी ७:१०

रोखठोक यांना अंशतः +१, पण तिरोलची बोलीही नवख्याला सहज कळत नाही. मी दक्षिण तिरोलमध्ये, म्हणजे इटलीच्या बाजूला, दोन वर्षं सफरचंदाच्या साठवणुकीच्या प्रकल्पावर होतो. तिथलंही सुचवतो: डोलोमाइट्स.

तिथे रोमान्शची बहीण शोभेल अशी भाषा आहे, लादिन. सुमारे तीस हजार लोक बोलतात. सेला नावाच्या डोंगराच्या चारी बाजूंनी चार खोरी आणि पलीकडे आंपेत्सो, अशी पाच ठिकाणी ती टिकून आहे, आणि ही पाच खोरी तीन वेगवेगळ्या प्रांतांत विभागली गेलीत. गार्देना आणि बादिया खोऱ्यांतल्या शाळांत निम्मे विषय जर्मनमध्ये, निम्मे इटालियनमध्ये आणि आठवड्याला काही तास लादिन. माझ्या घरमालकीणबाईंचा नातू सात वर्षांचा होता आणि एकाच जेवणात आजीशी लादिन, बापाशी जर्मन, टीव्हीवरच्या सामन्याशी इटालियन बोलायचा. एकाच गावाला तीन नावं: ओर्तिसेई, सांक्ट उलरिष आणि उर्तियेई.

संध्याकाळी तिथले सुळके आधी केशरी, मग गुलाबी, मग जांभळे होत जातात. त्याला लादिनमध्ये एनरोसादिरा असा खास शब्द आहे. ज्या भाषेत या एका घटनेला स्वतंत्र शब्द आहे ती शिकायला वेळ घालवणं मला तरी वाया वाटत नाही.

---

शब्दवेल्हाळ | १४ जून, सकाळी ८:२०

वा, सकाळ सार्थकी लागली. या भाषेवर मी थोडं काम केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

रोमन सैन्याने इसवीसनपूर्व १५ मध्ये हा डोंगराळ मुलूख जिंकला. लॅटिन तिथे पोचली, स्थानिक बोलींत मिसळली आणि खोऱ्याखोऱ्यांत अडकून पडली. त्यामुळे रोमान्श एक नाही, लिहिल्या जाणाऱ्या पाच आहेत: सुर्सिल्वान, सुत्सिल्वान, सुर्मिरान, पुतेर आणि व्हालादेर. ग्वार्दाच्या बाजूची ती व्हालादेर. एकच शब्द घ्या, घर. सुर्सिल्वानमध्ये कासा, पुतेरमध्ये च्येसा, व्हालादेरमध्ये च्यासा. आपण नागपूर ते सावंतवाडी जाताना जे ऐकतो तेच, फक्त इथे मधे तीन हजार मीटरच्या भिंती आहेत.

मराठी माणसाला या भाषेचे उच्चार सोपे जातात, याचं कारण आपले दोन च. चहातला च आणि चाकातला च आपण न शिकता वेगळे करतो. रोमान्शमध्येही हे दोन्ही आवाज आहेत. डोंगराच्या शिखराला पित्स म्हणतात, त्यातला शेवटचा आवाज म्हणजे आपल्या चाकातला च. आणि आपण वर्णमालेत पाठ करून विसरून गेलेला ञ तिथे रोज वापरात आहे. पर्वत म्हणजे मुंतोञा.

आता आकडे, व्हालादेरमधले. ‘उन’ म्हणताना ओठ शीळ घालताना करतात तसे करा: उन, दुओस, त्राइस, क्वाटेर, चिंच, सेस, सेत, ओत, नोउव, देश. सात-सेत, आठ-ओत, नऊ-नोउव, दहा-देश. संस्कृत आणि लॅटिन यांचं जुनं नातं इतकं उघड क्वचित दिसतं. बाबांना पाठ करायला द्या, अर्ध्या तासात होतील.

---

पाटावरवंटा | १४ जून, सकाळी ९:०२

पाचाला चिंच?? म्हणजे दोनदा चिंच केली की देश झाला! हे आता मी जन्मात विसरणार नाही. आमच्या घरी सकाळपासून मुलं “चिंच चिंच देश” करत नाचतायत.

---

डोंगरवाट | १४ जून, सकाळी ११:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना शब्दवेल्हाळ यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी लगेच वहीत आकडे उतरवून घेतले.

रोखठोक, तुमचा मुद्दा मलाही सतावतोय. बारा दिवस थोडे आहेत. पण दोन वर्षांपूर्वी शुद्ध जर्मन मुलखात जाऊनही बोलायला मिळालं नाही, मग नुसती मातृभाषा जर्मन असणं पुरेसं नसावं ना?

---

खान्देशकन्या | १४ जून, रात्री १०:३०

एरवी मी इथे फक्त वाचते. पाच रोमान्श वाचून लिहावंसं वाटलं.

माझं माहेर धुळ्याकडचं. घरात अहिराणी. आजी दारात कुणी आलं की “काय करी ऱ्हायना भाऊ?” म्हणायची. पाचवीत मी जिल्ह्याच्या शाळेत गेले आणि पहिल्याच आठवड्यात बाईंनी माझं वाक्य फळ्यावर लिहून वर्गाला विचारलं, यात चुका किती? त्या दिवसापासून मी घरी अहिराणी आणि बाहेर दुसरीच मुलगी झाले. आजी गेली तेव्हा लक्षात आलं की तिच्याशी तिच्या भाषेत पोटभर बोलले त्याला वीस वर्षं झाली होती.

मला विचारायचंय, त्या पाच बोलींमध्ये शाळेत कुठली शिकवतात? प्रमाण कुठली?

---

झ्युरिककर | १५ जून, दुपारी १२:५०

खान्देशकन्या, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. हाच प्रश्न तिथे चाळीस वर्षं धगधगतोय.

१९३८ च्या फेब्रुवारीत स्विस मतदारांनी (तेव्हा फक्त पुरुष, बायकांना देशपातळीवर मत १९७१ मध्ये मिळालं) रोमान्शला राष्ट्रभाषा म्हणून प्रचंड बहुमताने मान्यता दिली. पण राष्ट्रभाषा केली तर कागद कुठल्या रोमान्शमध्ये छापायचा? म्हणून १९८२ मध्ये हाइनरिष श्मिड या झ्युरिकच्या भाषातज्ज्ञाने रोमान्श ग्रिशुन नावाची एक सामाईक लेखी भाषा बांधली. मोठ्या बोलींत जो शब्द दोन ठिकाणी जुळतो तो घ्यायचा, असा साधारण हिशोब. सरकारी कागद, नोटा, पाट्या यांसाठी सोय झाली.

भांडण शाळेवरून पेटलं. २००३ मध्ये कँटनने ठरवलं की यापुढे शालेय पुस्तकं फक्त या नव्या भाषेत निघतील. २००७ पासून काही गावांनी तिच्यात शिकवायला सुरुवात केली. पण आईबापांचं म्हणणं असं की ही भाषा आमच्या कुठल्याच आजीची नाही. २०११ पासून बोलींसाठी चळवळ उभी राहिली आणि बरीच गावं पुन्हा आपापल्या बोलीतल्या पुस्तकांकडे वळली. आज पोरं आधी खोऱ्याची भाषा शिकतात आणि सामाईक भाषा वाचून समजण्यापुरती ओळखतात.

त्यांच्या बोलींना पुस्तकांचाही आधार आहे. पुतेरमध्ये नवा करार १५६० मध्येच छापला गेला होता, याखियाम बिफ्रुनने भाषांतर केलेला. त्यामुळे “तुमची बोली लिहिता येत नाही” असं त्यांना कुणी म्हणू शकलं नाही.

---

रोखठोक | १५ जून, दुपारी २:१५

खान्देशकन्या, तुमच्या बाईंनी फार वाईट केलं. मी लातूरचा, पुण्याच्या वसतिगृहात माझ्या “जायलोय, करायलोय”ची नक्कल व्हायची, त्यामुळे थोडं समजू शकतो.

तरी सामाईक भाषेची बाजूही मांडतो. साठ हजार लोकांसाठी पाच प्रकारची पाठ्यपुस्तकं, पाच प्रकारचे शिक्षक, हे परवडतं कारण तो देश श्रीमंत आहे. बोलीवर प्रेम करणं आणि बोलीत गणिताचं पुस्तक छापणं यात पैशाचा फरक आहे.

---

शब्दवेल्हाळ | १५ जून, दुपारी ४:००

रोखठोक, पैशाचा मुद्दा खरा आहे, पण पैसा असूनही भाषा गेल्याची उदाहरणं तिथेच आहेत. कँटनची राजधानी कूर एकेकाळी रोमान्श बोलणारं शहर होतं. १४६४ मध्ये मोठी आग लागली, शहर पुन्हा बांधायला जर्मन बोलणारे कारागीर आले आणि तिथेच राहिले. हळूहळू शहराची भाषा बदलली. त्यानंतर रोमान्शला स्वतःचं असं मोठं शहर उरलंच नाही. बाजार, कचेरी, कॉलेज सगळं जर्मनमध्ये आणि घर रोमान्शमध्ये. १९१९ पासून लिया रुमान्चा ही संस्था शब्दकोश, वर्ग, पुस्तकं असं काम करतेय. रोमान्श रेडिओ आणि टीव्ही आहे. प्लेदारी ग्रोंद नावाचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट बघता येतो. डोंगरवाट, जाण्याआधी रोज पंधरा मिनिटं रेडिओ ऐका, आवाज कानात बसेल.

---

मांडवीकाठ | १५ जून, रात्री ९:१०

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे भाषा, बोली आणि लिपी यांवर काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे, १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी मी कॉलेजात होतो. मात्र आज एक वेगळीच गंमत सांगायची आहे.

मी दोन उन्हाळे एंगादिनमधल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम केलं. तिथे निम्म्याहून जास्त लोक पोर्तुगीज. त्या खोऱ्यात पोर्तुगालहून कामाला आलेल्यांची वस्ती मोठी आहे. माझ्या आजीमुळे मला पोर्तुगीज समजायचं, म्हणून मी जर्मनऐवजी त्याच भाषेत तरलो. त्यांची पोरं गावच्या शाळेत रोमान्श शिकायची, आणि पोर्तुगीज येत असल्याने त्यांना ती झटपट यायची. म्हणजे रोमान्श बोलणाऱ्या नव्या पिढीत बरीच पोरं पोर्तुगीज आडनावांची.

तिथे एक सुर्सेल्वाकडचा, म्हणजे सुर्सिल्वान बोलणाऱ्या खोऱ्यातला आचारी होता. तो भाकरीला, म्हणजे ब्रेडला, पाउन म्हणायचा. आपला पाव पोर्तुगीज पांवमधून आला. पाव, पांव, पाउन. त्याला मी हे सांगितल्यापासून तो मला रोज सकाळी पहिला तुकडा काढून ठेवायचा.

---

खान्देशकन्या | १५ जून, रात्री ९:२५

मांडवीकाठ, किती छान लिहिलंत. गोव्यातल्या लिपीच्या प्रश्नावर मला एक विचारायचं होतं…

---

संपादक | १५ जून, रात्री ९:४०

सर्वांना विनंती: मराठी-कोकणी आणि लिपी यांवर स्वतंत्र धागा आहे, ती चर्चा तिथे करावी. इथे डोंगर, प्रवास आणि तिथल्या भाषा.

---

पाटावरवंटा | १६ जून, सकाळी १०:००

मग खाण्यावर बोलूया! बाबा शाकाहारी आहेत का? ग्राउब्युंडनच्या दोन पदार्थांबद्दल सांगते, दोन्ही घरी करून बघितलेत.

कापुन्स: चार्डच्या पानात मैदा-अंड्याचं घट्ट पीठ आणि सुक्या मांसाचे तुकडे भरून गुंडाळी करायची आणि दूध-पाण्यात शिजवायची. दिसायला अळूवडीची मावशी. मांसाशिवायही मिळतात, पण विचारून घ्या.

मालुन्स: आदल्या दिवशी उकडलेले बटाटे किसायचे, पिठात घोळवायचे आणि लोण्यात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास परतत राहायचं, अगदी मोकळी भाजणी परततो तसं. शेवटी सोनेरी गोळ्या-गोळ्या होतात. सोबत सफरचंदाचा गर. हे पूर्ण शाकाहारी. धीर नसेल तर करू नका, आच वाढवली की संपलं. आणि येताना अक्रोड-कॅरमलचा केक आणा, तो बरेच दिवस टिकतो.

---

घाटवाट्या | १६ जून, सकाळी ११:३०

सप्टेंबरअखेर म्हणताय तर एक दिवस स्विस नॅशनल पार्कसाठी ठेवाच. १९१४ मध्ये सुरू झालेलं, आल्प्समधलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. श्च्यांफ गावातून त्रुप्चुन खोऱ्यात जा. तो काळ सांबरासारख्या मोठ्या लाल हरणांच्या माजाचा. नर दिवसभर हंबरत असतात, सगळी दरी घुमते. नियम कडक आहेत: वाट सोडायची नाही, फूलसुद्धा तोडायचं नाही, उघड्यावर मुक्काम नाही. वर बघत राहा, १९९१ पासून या उद्यानात दाढीवाली गिधाडं पुन्हा सोडली. पंखांचा पसारा पावणेतीन मीटरपर्यंत जातो.

---

अनवट | १६ जून, दुपारी १:२०

मी माझी डोलोमाइट्सची शिफारस मागे घेत नाही, पण हरणांचं ऐकून मलाच श्च्यांफला जावंसं वाटतंय.

---

डोंगरवाट | २० जून, रात्री ८:००

ठरलं. ग्वार्दाला पाच रात्री, उद्यानाजवळच्या त्सेर्नेत्सला चार, बाकी झ्युरिक आणि प्रवास. रोखठोक, तुमचं ऐकलं नाही म्हणून राग मानू नका. आल्यावर नक्की लिहीन.

---

डोंगरवाट | ११ ऑक्टोबर, रात्री १०:५०

धागा वर काढतेय. परत येऊन चार दिवस झाले, अजून पाय तिथेच आहेत.

दुसऱ्या दिवशी ग्वार्दा ते श्कुओल चाललो. सूचिपर्णी असून पानं गाळणारी लार्चची झाडं नुकती पिवळी पडायला लागली होती. बाबा वाटेत प्रत्येकाला “आलेग्रा” म्हणत होते. एकही माणूस उत्तर न देता गेला नाही.

आर्देत्समध्ये ब्युल्यवर बाटल्या भरत होतो. समोरच्या घरातून एक आजी बाहेर आल्या, ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. बाबा “आलेग्रा” म्हणाले, आणि त्यांनी बाबांशी रोमान्शमध्ये भराभर बोलायला सुरुवात केली. बाबा हसत उभे. मग मी जर्मनमध्ये सांगितलं की बाबांना एवढा एकच शब्द आणि आकडे येतात. आजी म्हणाल्या, बघू बरं आकडे. बाबांनी सगळे म्हणून दाखवले. मग मी त्यांना आपले ऐकवले. सातला त्या थांबल्या. आठला त्यांनी माझा हात धरला. नऊ, दहा. त्यांनी आतून मुलीला हाक मारली आणि आम्हाला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. चिंच म्हणजे आमच्याकडचं एक आंबट फळ, हे मी जर्मनमध्ये समजावून सांगितलं, त्यावर दोघी किती हसल्या! मग विचारलं, तुमची भाषा किती लोक बोलतात? मी म्हटलं, आठ कोटींहून जास्त. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मग तुम्हाला तिची काळजी करावी लागत नसेल.

मी याचं उत्तर देऊ शकले नाही. खान्देशकन्या, मला तेव्हा तुम्ही आठवलात.

तासभर त्यांच्या स्टुवामध्ये बसलो. पाइनच्या फळ्यांनी मढवलेली खोली, लाकडाचा गोडसर वास. त्या तासभरात मी सलग जर्मन बोलले. तेव्हा मला कळलं की इथे कुणी इंग्रजीकडे का वळत नव्हतं. जर्मन माझी जशी शिकलेली भाषा, तशीच त्यांचीही. त्या सावकाश बोलत होत्या, शब्द निवडत होत्या, मी अडखळले तर थांबत होत्या, कारण लहानपणी शाळेत आपण कसे अडखळलो ते त्यांना आठवत होतं. हे त्यांनी स्वतःच सांगितलं. पुढचे नऊ दिवस हेच होत राहिलं. बसचा चालक, खोलीची मालकीण, उद्यानातला रक्षक. रोखठोक, तुमचा प्रश्न अगदी योग्य होता, ज्यांची मातृभाषा जर्मन नाही तिथे का जायचं? माझ्यापुरतं उत्तर मिळालं: म्हणूनच.

त्रुप्चुनमध्ये हरणांचं हंबरणं ऐकत बाबा दोन तास एका दगडावर बसून होते. घाटवाट्या, ते सारखे म्हणत होते, त्या माणसाला माझा नमस्कार कळव.

---

रोखठोक | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

डोंगरवाट, वाचून फार आनंद झाला. मी फक्त कुठे जास्त ऐकू येईल एवढाच विचार केला होता, कुठे जास्त बोलता येईल याचा केला नव्हता. पुढच्या मे महिन्यात जायचा विचार आहे. मेमध्ये वाटा उघडतात का?

---

घाटवाट्या | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

डोंगरवाट, बाबांना माझाही नमस्कार सांगा. रोखठोक, मेमध्ये वरच्या वाटांवर बर्फ असतो. खालच्या गावांतून चालता येईल, पण उंचावर जायचं असेल तर जूनअखेरनंतर जा.

---

डोंगरवाट | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

बाबांनी पुढची तयारी सुरू केली आहे. त्यांना आता ऱ्हाइनचा उगम बघायचाय, तोमा तलाव, २३४५ मीटरवर. तो भाग सुर्सेल्वाचा, म्हणजे बोली वेगळी. त्यांचा शब्दवेल्हाळ यांना प्रश्न आहे: तिकडे पाचाला काय म्हणतात?

---

शब्दवेल्हाळ | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

चून.

---

मांडवीकाठ | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:५२

काय सांगता! आमच्याकडे चून म्हणजे पातोळ्यांत भरायचं गूळ-खोबऱ्याचं सारण.

---

पाटावरवंटा | १२ ऑक्टोबर, दुपारी १:०५

माझं सासर अमरावतीचं, तिथे चून म्हणजे पिठलं. आज चून-भाकरीच होती डब्यात. बाबांना सांगा, त्या आचाऱ्याच्या गावी जाताना दोन्ही घेऊन जा.